ज्योतिषाला राजमार्ग, भौतिकशास्त्राला कुंपण

ठाण्याचे वागळे इस्टेट, कल्याणची कोळसेवाडी, उल्हासनगर, डोंबिवली येथील आमच्या वस्त्यांत बारावी विज्ञानला चांगले गुण मिळवणारी मुले-मुली आता कमी नाहीत. ती जातात कुठे? इंजिनीअरिंग, नर्सिंग, पोलीस भरती, नाही तर स्पर्धा परीक्षेचा क्लास. एखाद्या मुलीने भौतिकशास्त्र घेऊन पुढे खगोलशास्त्र शिकायचे म्हटले की घरचे विचारतात, "त्यात नोकरी काय?" ज्या घरात पहिला कायम पगार अजून यायचा आहे, तेथे हा प्रश्न येणारच. परंतु घरच्या नकारापलीकडे एक सरकारी नकारही आहे. त्याची चर्चा आमच्याकडे होत नाही.

केंद्र सरकारने केंद्रीय शैक्षणिक संस्था (प्रवेशात आरक्षण) अधिनियम, २००६ केला. कलम ३ ने अनुसूचित जातींना १५, जमातींना साडेसात आणि इतर मागासवर्गीयांना २७ टक्के जागा दिल्या. लगेच कलम ४ ने काही 'उत्कृष्ट' संस्थांना त्यातून सूट दिली. त्यांची यादी कायद्याच्या अनुसूचीत आहे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, होमी भाभा राष्ट्रीय संस्था व तिचे घटक, अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, तिरुवनंतपुरमची अवकाश भौतिकी प्रयोगशाळा. भौतिकशास्त्राची शिखरेच वगळली! आम्ही आलो की उत्कृष्टता बुडते, असे कायद्याला म्हणायचे आहे काय?

आता दुसरी बाजू पाहा. २००१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत ज्योतिष शिकवण्याचा मार्ग मोकळा केला. शास्त्रज्ञ पी. एम. भार्गव न्यायालयात गेले. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. २०२१ साली इग्नूने ज्योतिषात एम.ए. सुरू केले. त्याआधी २००८ साली जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी ज्योतिषांची चाचणी घेतली होती. २७ ज्योतिषांची उत्तरे ४६ टक्केच बरोबर आली, म्हणजे नाणे उडवून मिळाली असती त्याहून कमी! वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे कलम ५१-क (ज) प्रमाणे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य. मग ते सरकारला लागू नाही काय?

ग्रहणे आणि ग्रहताऱ्यांवरून भाकिते सांगून पोट भरण्याला बुद्धांनी ब्रह्मजाल सुत्तात हीन विद्या ठरवले. ज्यांनी आकाशाच्या नावाने मुहूर्त विकले, त्यांनीच आमच्या जन्मावर शिक्का मारला. म्हणून आकाशाचा खरा अभ्यास हा आमच्या मुक्तीचा विषय आहे.

मेघनाद साहा हे शूद्र गणल्या गेलेल्या जातीतील किराणा दुकानदाराचे पुत्र. कोलकात्याच्या वसतिगृहात उच्चवर्णीय विद्यार्थ्यांना त्यांची पंगत नको होती. त्याच साहांच्या १९२० च्या समीकरणाने ताऱ्याच्या प्रकाशातील रेषांवरून त्याचे तापमान काढण्याची वाट जगाला मिळाली. १९५२ साली ते लोकसभेत निवडून गेले. बाबासाहेबांनीही १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढले, ते कलेबरोबर विज्ञानाचेही.

तेव्हा मागणी स्पष्ट हवी. कलम ४ ची सूट रद्द करा. संशोधनाची शिष्यवृत्ती दरमहा द्या, कारण ती रखडली की आमचाच विद्यार्थी आधी गळतो. आणि समाजाने स्वतःही हातपाय हलवावेत. पुण्याच्या आयसरमध्ये बारावीनंतर विज्ञानाचे थेट पाच वर्षांचे शिक्षण मिळते आणि तेथे राखीव जागा आहेत. कलिना येथे मुंबई विद्यापीठ व अणुऊर्जा विभागाचे मूलभूत विज्ञान केंद्र आहे. त्यांच्या प्रवेश परीक्षांच्या तारखा प्रत्येक बुद्ध विहाराच्या फलकावर लागल्या पाहिजेत. कर्जत लोकलने वांगणीला जावे. तेथे खगोल मंडळ अनेक वर्षे आकाशदर्शन घेत आले आहे. जयंतीच्या वर्गणीतून विहारासाठी एक दुर्बीण घेणे अवघड नाही.

डीजेचा आवाज एका रात्रीत विरतो. दुर्बिणीला डोळा लावलेले पोर उद्या कुलाब्याच्या त्या संस्थेचे दार ठोठावील. ते दार उघडून घेणे हे चळवळीचे काम आहे.