कोल्हापूरची चटणी वर्षभर टिकते, मग रीलमधला तेलातला लसूण धोक्याचा का?

थंडी पडली की फोनवर दोन प्रकारच्या रील हमखास दिसायला लागतात. एक, काचेच्या बरणीत फसफसणारा सावरडोचा स्टार्टर. दोन, परसातल्या भाज्या किंवा सोललेला लसूण तेलात बुडवून ओळीने मांडलेल्या बरण्या. दिसायला दोन्ही छान. पण पहिली रील फसली तर फार तर पाव दगडासारखा होतो. दुसरी फसली तर माणूस दवाखान्यात जाऊ शकतो.

मुळात कॅलेंडरच वेगळं आहे

युरोप-अमेरिकेत हिवाळा म्हणजे टंचाई. शेतं बर्फाखाली जातात, म्हणून उन्हाळ्यातला माल बरण्यांत भरून ठेवायची पद्धत तिथे पडली. कोल्हापुरात नेमकं उलटं आहे. डिसेंबर-जानेवारीत मंडईत मेथी, वांगी, पावटा, गाजर, कांदापात यांची रेलचेल असते. इथली टंचाई पावसाळ्यातली.

म्हणून इथली साठवण मार्च ते मे महिन्यांत होते. घरोघरी तिला 'उन्हाळी कामं' म्हणतात. वर्षभराची चटणी, सांडगे, पापड, कुरडया, दही भरून वाळवलेल्या मिरच्या, गवारीच्या काचऱ्या, सगळं कडक उन्हात. ही निव्वळ हौस नव्हती. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ अनेक दिवस बंद होता. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तीच वेळ आली. रस्ता बंद, वीज नाही, अशा वेळी भाकरीबरोबर चटणी आणि सांडगे असले की चूल अडत नाही.

चटणी का टिकते?

कोल्हापुरात 'चटणी' म्हणजे कांदा-लसूण मसाला, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. ब्याडगी, संकेश्वरी अशा मिरच्या वाळवायच्या, खडा मसाला आणि सुकं खोबरं भाजायचं, कांदा तळून घ्यायचा, लसूण-मीठ घालून डंकावर कुटून आणायचं. बरणीत दाबून भरून वर हिंगाचे खडे.

यात लसूण आहे, तेलही आहे. तरी ती टिकते, कारण जवळपास सगळा माल कोरडा असतो आणि मीठ भरपूर. जिवाणूंना वाढायला मोकळं पाणी लागतं. कोरडी मिरची आणि मीठ ते शिल्लक ठेवत नाहीत. ओला चमचा बरणीत घातला की आजी ओरडते, त्यामागचं शास्त्र एवढंच.

मग तेलातल्या लसणात काय बिघडतं?

ओला लसूण किंवा ताजी भाजी तेलात बुडवली की तिच्यातलं पाणी तसंच राहतं आणि हवा मात्र तुटते. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जिवाणूला हेच हवं असतं: ओलावा, हवेचा अभाव आणि कमी आंबटपणा. हा जिवाणू मातीत असतो, त्यामुळे मातीतल्या लसणाला, गाजराला त्याचे बीजाणू चिकटून येऊ शकतात. साध्या उकळीने ते मरत नाहीत. त्यासाठी कारखान्यांत दाबाखाली सुमारे १२१ अंश सेल्सिअस तापमान वापरतात.

त्यातून तयार होणारं विष अन्नाचा वास, रंग, चव न बदलताही असू शकतं. धूसर दिसणं, गिळायला त्रास, बोलणं जड होणं ही लक्षणं. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नये, थेट रुग्णालय गाठावं. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये १९८५ साली एका उपाहारगृहातल्या तेलातल्या लसणामुळे ३६ जणांना बोट्युलिझम झाला होता. असे प्रकार विरळच, पण रीलमध्ये ही सूचना कुठेही नसते, हीच अडचण.

वाचवतो तो आंबटपणा. पीएच ४.६ च्या खाली गेला की हा जिवाणू वाढत नाही. लिंबाचं लोणचं त्यामुळेच निर्धास्त. तेलातला लसूण करायचाच असेल तर थोडा करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा.

आणि सावरडो?

तोही आंबटपणाचाच खेळ. पीठ-पाण्यात रानटी यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू वाढतात. यीस्टमुळे पाव फुगतो, जिवाणूंमुळे आंबट होतो. कोल्हापुरात थंडीतल्या रात्री स्टार्टर मंदावतो, तसंच इडलीचं पीठही. तो मेलेला नसतो, त्याला उबदार कोपरा आणि जास्त वेळ द्या. गुलाबी किंवा नारिंगी छटा दिसली, बुरशी आली, तर मात्र वरवर खरवडू नका, सगळं फेका.

एक दावा खोडायलाच हवा. गव्हाचा सावरडो ग्लूटेनमुक्त नसतो. सिलिअॅक असलेल्यांनी तो खाऊ नये.

गंमत अशी की ग्लूटेन नसलेला आंबवलेला पदार्थ कोल्हापूरला नवा नाही. ज्वारीचं पीठ भिजवून आंबवायचं, ताक घालून शिजवायचं, वर लसूण-जिरं: आंबील. ज्वारीत ग्लूटेन नाही, त्यामुळे वायू अडकत नाही आणि पीठ फुगत नाही. म्हणून आपल्याकडे त्याचा पाव झाला नाही, पेय झालं. सौंदत्तीची मार्गशीर्ष पौर्णिमेची यात्रा आटोपून भाविक परतले की शहरातल्या रेणुका मंदिरात आंबील यात्रा भरते. नैवेद्याला आंबील, वडी-भाकरी, दही-भात, वांगी, मेथी, आणि सोबत कच्ची गाजरं आणि कांदापात. म्हणजे त्या आठवड्यात मंडईत जे ताजं मिळतं, नेमकं तेच.