वळूचा हिशेब कुठे आहे?



गाय उलटली की बोल कोणाला? गाईला! माज ओळखला नाही, खुराक कमी पडला, गर्भाशयात दोष आहे. ही कारणे खोटी नाहीत. पण गाय गाभण राहण्यात वळूचाही वाटा असतो, आणि त्याची चौकशी कोणी करत नाही.

गाय एकदा उलटली म्हणजे २१ दिवस गेले. तीनदा उलटली म्हणजे ६३ दिवसांचा कडबा आणि ढेप मातीत. शेवटी आपण तिला भाकड ठरवून बाजार दाखवतो. दोष तिचाच होता, हे कशावरून?

गावचा वळू नापीक निघाला तर हंगामभरात गावाला कळायचे. आज एका वळूच्या रेतकांड्या कितीतरी गावांत जातात. इथे चार उलटल्या, तिथे पाच उलटल्या. बेरीज कोण करतो?

कांडी भरताना काय पाहतात? पाव मिलीलिटरच्या साध्या कांडीत २ कोटी शुक्रजंतू असावेत आणि गोठवून वितळवल्यावर निदान ५० टक्के हलते असावेत, हा आपल्या देशातला दंडक. वळूचे रोगही तपासतात. हे सारे हवेच. पण हलणारा शुक्रजंतू फळवणारा असतोच असे नाही. त्याला स्त्रीबीजापर्यंत पोचायचे, त्याला चिकटायचे आणि आत शिरायचे असते. या कामात त्याच्या अंगावरची आणि वीर्यद्रवातली प्रथिने लागतात. नुसती हालचाल पाहून ती कळत नाहीत.

ही विद्या कालची नाही. १९९३ साली अमेरिकेत किलियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी होल्स्टीन वळूंच्या वीर्यद्रवातली ४ प्रथिने दाखवून दिली. २ चांगल्या फळणाऱ्या वळूंत जास्त होती, २ कमी फळणाऱ्यांत. चांगल्यांपैकी एकाचे नाव ऑस्टिओपाँटिन. एकट्या प्रथिनावरून वळू पास-नापास करता येत नाही, हेही खरे. होल्स्टीनचा निकाल आपल्या देवणीला, लाल कंधारीला, गवळाऊला जसाच्या तसा लागू पडेल असेही नाही. म्हणूनच तपासणी इथे, आपल्या वळूंवर व्हायला हवी, आणि प्रत्यक्ष गाभण राहिलेल्या गाईंशी ताडून पाहायला हवी.

ताडायला नोंदी नाहीत, असे कोणी सांगू नये. आपल्या जनावरांच्या कानात १२ आकडी बिल्ले ठोकले आहेत. कांडीवर वळूचा क्रमांक छापलेला असतो. रेतन आणि गर्भतपासणी यांच्या नोंदीसाठी ‘भारत पशुधन’ ही सरकारी व्यवस्था उभी आहे. गाईचा हिशेब ठेवता, मग वळूचा का लपवता?

जिल्हा बैठकीत तीन मागण्या मांडू :

१. प्रत्येक वळूची गाभण टक्केवारी दरवर्षी जाहीर करा.

२. सतत कमी फळणाऱ्या वळूच्या कांड्या मागे घ्या.

३. पशुवैद्यकीय विद्यापीठाने देशी आणि संकरित वळूंच्या प्रथिनांची तपासणी हाती घ्यावी आणि निकाल मराठीत द्यावा.

आणि आपले काम? रेतन झाले की रिकामी कांडी मागून घ्या. वळूचा क्रमांक, तारीख आणि गाय राहिली की उलटली, एवढे वहीत लिहा. बैठकीला येताना ती वही सोबत आणा. सरकार बेरीज करत नसेल, तर ती आपण करू.