अम्मीचा स्मार्टफोन: आधी नंबर, मग फोन

आपल्या घरात बटणांचा फोन सर्वांत शेवटी कोणाकडे राहिला, हे वाचक बंधू-भगिनींनी जरा आठवून पाहावे. मुलाकडे मोठा फोन असतो, सुनेकडे असतो, बारावीतल्या नातीकडेही आलेला असतो. आकडे पुसट झालेला, मागचे झाकण रबराने धरून ठेवलेला फोन असतो तो अम्मीकडे, नानीकडे, नाहीतर एकट्या राहणाऱ्या खालाकडे. विषय काढला की उत्तर ठरलेले: "मला काय करायचाय? उचलता येतो, ठेवता येतो, बस झालं."

या उत्तरात तथ्य आहे. २००३ मध्ये आलेला नोकिया ११०० आजही लोकांच्या आठवणीत आहे. वजन ८६ ग्रॅम, डोक्यावर टॉर्च, एकदा चार्ज केला की दोन-तीन दिवस बघायला नको. आजचा साधा स्मार्टफोन त्याच्या दुपटीहून जड, रोज चार्जिंग मागणारा, आणि पडला की काच गेली. तेव्हा बटणांच्या फोनवर खूश असलेल्या बाईला मागासलेली समजण्याचे काहीच कारण नाही.

पण दरम्यान पुष्कळशी कामे फोनवर गेली आहेत. शाळेत प्रवेशाचा अर्ज भरून घेताना आम्ही आईचा मोबाईल नंबर विचारतो. कितीतरी अर्जांवर त्या रकान्यात वडिलांचाच नंबर पुन्हा लिहिलेला असतो, किंवा थोरल्या मुलाचा. शाळेपुरते ते चालून जाते. बँकेत आणि आधारमध्येही तोच नंबर असला की मात्र अडते. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये सुरू झाली. महिन्याचे १५०० रुपये बाईच्या स्वतःच्या खात्यात येऊ लागले. २०२५ मध्ये ई-केवायसी करायला सांगितले, तेव्हा तिच्या आधारचा ओटीपी आधारशी जोडलेल्या नंबरवर गेला. तो नंबर पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाचा असेल तर आईने गावातल्या सेवा केंद्रात बसून त्याला फोन करायचा, त्याने कामातून उठून आकडे सांगायचे, आणि तोवर ओटीपीची मुदत संपायची. पैसे तिचे, खाते तिचे, आणि किल्ली दुसऱ्याच्या खिशात.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ओटीपी बटणांच्या फोनवरही येतो. म्हणून अम्मीसाठी स्मार्टफोन घ्यायचा तर पहिले काम दुकानात जाण्याचे नाही, नंबर ठरवण्याचे आहे. सिम तिच्या नावावर, तिच्या आधारवर घ्यावे. तोच नंबर बँकेत द्यावा. आधारमधला नंबर आधार केंद्रावर जाऊन बदलून घ्यावा; तिथे तिला स्वतः जावे लागते, मुलगा तिच्या वतीने जाऊन भागत नाही. आणि तो नंबर जिवंत ठेवावा. रिचार्जशिवाय पडून राहिलेला नंबर शेवटी कायमचा बंद होतो, आणि त्यानंतर निदान ९० दिवस थांबून कंपनी तो दुसऱ्या कोणालाही देऊ शकते. मग तिच्या बँकेचे निरोप अनोळखी माणसाच्या फोनवर जातात.

कोणत्या कंपनीचे सिम, हा प्रश्न शेजाऱ्यांना विचारून सुटत नाही. घरात जिथे ती बसते, तिथे रेंज कोणाची येते ते पाहावे. कोकणातल्या जाड चिऱ्याच्या भिंतींच्या घरात अंगणात मिळणारी रेंज माजघरात मिळेलच असे नाही. जिओने २०१६ मध्ये सेवा सुरू केली ती ४जीचीच. जुन्या २जी फोनमध्ये ते सिम चालत नाही. उलट जुन्या फोनमधले जाडसर सिम नव्या फोनच्या खाचेत बसत नाही. दुकानदार ते कात्रीने कापून द्यायला तयार असतो. त्यापेक्षा कंपनीच्या केंद्रातून त्याच नंबरचे नवे सिम घ्यावे. असे सिम बदलल्यावर सुरक्षेसाठी पहिले २४ तास एसएमएस बंद राहतात, म्हणजे ओटीपीही येत नाही. तेव्हा बँकेचे किंवा योजनेचे काम त्या दिवशी काढू नये.

सिम बदलण्याआधी जुन्या फोनमधले नंबर वहीत उतरवून घ्यावेत. काही नंबर सिममध्ये असतात, काही फोनच्या पोटात. फोन गेला की पोटातले गेले. वर्षानुवर्षे जपलेले फुफीचे, दाईचे, माहेरच्या शेजाऱ्यांचे नंबर कोणाला पुन्हा विचारणार? ही वही पुढेही कामाला येते.

आता फोन. बहुतेक घरांत असे घडते: मुलगा नवा फोन घेतो आणि आपला जुना अम्मीला देतो. आखातातून सुट्टीवर आलेला असेल तर तिकडचा घेऊन येतो. यात प्रेम असते, पण तीन गोष्टी पाहिल्याशिवाय तो फोन तिच्या हाती देऊ नये. बॅटरी फुगलेली नाही ना? कंपनीकडून सुरक्षेचे अपडेट अजून येतात का? आणि फोनमधून मुलाचे गूगल खाते काढले आहे का? ते सेटिंगमध्ये जाऊन आधी काढावे आणि मग फोन पूर्ण कोरा करावा. खाते न काढता कोरा केला तर फोन जुन्याच खात्याचा पासवर्ड मागत अडून राहू शकतो. खाते तसेच ठेवले तर मुलाच्या ऑफिसचे मेल आईच्या पडद्यावर आणि आईचे फोटो मुलाच्या खात्यात, असा घोळ होतो. बाहेर देशात घेतलेल्या फोनची वॉरंटी इथे सहसा चालत नाही, हेही लक्षात ठेवावे.

नवा घ्यायचा तर आधी अम्मीजवळ बसून विचारावे: या फोनवर तुम्हांला काय करायचे आहे? उत्तरे वेगवेगळी येतील आणि त्यावर फोन ठरेल.

रत्नागिरी-रायगडकडच्या कितीतरी मातांचे उत्तर एकच असते: "पोराचं तोंड बघायचंय." त्यांना हवा चांगला पुढचा कॅमेरा आणि मोठा, स्पष्ट आवाज. मुलगा दुबई-शारजात असेल तर व्हॉट्सॲपचे कॉल तिथे लागत नाहीत. अमिरातीतले आपले लोक बोटिम वापरतात. मुलगा सुट्टीवर घरी असतानाच ते ॲप घालून, एकदा दोघांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून बोलून पाहावे.

काहींचे उत्तर हज किंवा उमऱ्याचे असते. हज कमिटीमार्फत जाणाऱ्यांसाठी 'हज सुविधा' हे ॲप २०२४ पासून आहे. मदिनेत रियाजुल जन्नतमध्ये नमाजसाठी 'नुसुक' ॲपवरून वेळ घ्यावी लागते. अशांना बॅटरी दमदार हवी, ५००० एमएएचच्या आसपासची. आणि फोन निघण्याच्या आठवड्यात घेऊ नये, चार-सहा महिने आधी घ्यावा. विमानतळावर प्रथमच स्मार्टफोन हातात घेतलेल्या आजीला तिथे कोण शिकवणार?

घरी शिवणकाम करणाऱ्या, पापड-लोणची विकणाऱ्या बहिणींना डिझाईनचे फोटो पाठवायचे असतात, क्यूआर कोडवर पैसे घ्यायचे असतात. त्यांच्यासाठी मागचा कॅमेरा आणि साठवण महत्त्वाची. १२८ जीबी असली तर बरे. एरवी रॅम ४ जीबीपेक्षा कमी असलेला फोन घेऊ नये, तो थोड्याच महिन्यांत अडखळू लागतो.

आणि पुष्कळ वयस्क मंडळींना तिलावत ऐकायची असते, नमाजच्या वेळा आणि किबला पाहायचा असतो. इथे एक बारीक गोष्ट आहे. किबल्याची सुई फिरण्यासाठी फोनमध्ये चुंबकीय सेन्सर लागतो आणि अनेक स्वस्त फोनमध्ये तो नसतो. सुई एका जागी थिजलेली असते आणि माणूस तिच्यावर विश्वास ठेवतो. दुकानातच फोन हातात धरून गोल फिरून पाहावे. आपल्या महाराष्ट्रातून किबला पश्चिमेला, थोडा उत्तरेकडे कललेला आहे, एवढे ध्यानात असले तरी फसगत होत नाही. नमाजच्या वेळा सांगणारे ॲपही पारखून घ्यावे. २०२० मध्ये 'मुस्लिम प्रो' या जगभर वापरल्या जाणाऱ्या ॲपमधून वापरणाऱ्यांच्या ठावठिकाण्याची माहिती दलाल कंपनीकडे आणि तिथून अमेरिकी लष्कराशी संबंधित ग्राहकांपर्यंत जात असल्याची बातमी आली. त्यानंतर त्या ॲपने दलाल कंपनीशी संबंध तोडल्याचे जाहीर केले. ॲपने ठावठिकाणा मागितला तर तो देण्याऐवजी आपल्या शहराचे नाव हाताने निवडता येते का, ते आधी बघावे.

दुकानात अम्मीला बरोबर न्यावे. फोन तिच्या हातात द्यावा, कानाला लावून बोलायला सांगावे, अक्षरे मोठी करून तिला वाचायला द्यावीत. एका हातात पेलतो का, ते तीच सांगेल. भाषा मराठी ठेवायची की उर्दू, तेही तिनेच ठरवावे. उर्दू निवडली की पडद्याची मांडणी उजवीकडून डावीकडे होते, हे आधी दाखवावे. टाईप करता येत नाही म्हणून अडायचे कारण नाही. २०१७ पासून गूगलचा कीबोर्ड मराठी आणि उर्दू दोन्ही बोललेले ऐकून लिहितो. माईकचे चिन्ह दाबायचे आणि बोलायचे.

कुलपाचेही तसेच. विड्या वळणाऱ्या, भांडी-धुणे करणाऱ्या हातांचे ठसे झिजलेले असतात, फोन ते ओळखत नाही. नकाब घेणाऱ्या बहिणीला बाहेर चेहऱ्याचे कुलूप उपयोगाचे नाही. आकड्यांचा पिनच खात्रीचा. तो तिने निवडावा आणि तिलाच माहीत असावा.

या शेवटच्या वाक्यावर घरोघरी कुरकुर होईल, हे आम्ही जाणतो. "आम्ही काय परके आहोत?" असे मुले म्हणतील. परके नाहीत. पण दुसऱ्याच्या दारात उभे राहून परवानगी घेतल्याशिवाय आत पाऊल टाकू नये, हे आपण मुलांना लहानपणापासून शिकवतो. मोठ्यांच्या फोनलाही तसेच दार आहे. अडीअडचणीसाठी हवा तर पिन कागदावर लिहून तिच्याच कपाटात, तिने ठरवलेल्या जागी राहू द्यावा. तिचा मुलीशी, बहिणीशी झालेला संवाद, तिच्या खात्यातली शिल्लक, तिने कोणाला दिलेला सदका, हे सारे तिचे आहे.

दुसरी कुरकुर फसवणुकीची. ही भीती खरी आहे. लग्नपत्रिका म्हणून फाईल येते, तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असते, उघडली की फोनचा ताबा दुसऱ्याकडे. पोलिसांच्या वेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर 'डिजिटल अटक' केल्याचे सांगतो. अशी अटक कायद्यात नाहीच. पण भीतीपोटी फोन काढून घेतला तर अम्मी काही शिकत नाही. तिला तीन वाक्ये पाठ करून द्यावीत: ओटीपी आणि पिन कोणाला सांगायचा नाही, मुलगा म्हणवणाऱ्यालाही नाही, पैसे घेताना यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, संशय आला की फोन ठेवायचा आणि घरातल्या माणसाला सांगायचे. पैसे गेलेच तर १९३० या नंबरवर ताबडतोब फोन करावा. जितका उशीर, तितके ते परत मिळणे कठीण. आणि फसली म्हणून तिला बोलू नये. बोलणी खाण्याच्या भीतीने गोष्ट लपवली जाते, आणि उशीर तिथेच होतो.

शिकवण्याबद्दल मास्तर-बाई म्हणून एवढेच सांगतो. तिच्या हातातला फोन ओढून "द्या, मी करतो" म्हणू नये. बोट तिचे असावे, शब्द आपले. एका आठवड्यात एकच गोष्ट: पहिल्या आठवड्यात फोन उचलणे आणि लावणे, दुसऱ्यात व्हिडिओ कॉल, तिसऱ्यात आवाजातला निरोप. पैशांचे व्यवहार सर्वांत शेवटी, आणि तेही थोडी रक्कम ठेवलेल्या खात्यातून. पायऱ्या वहीत तिच्याच लिपीत लिहून द्याव्यात. हे काम नातीला द्यावे. मुलांना मोठ्यांना शिकवायला आवडते आणि दोघींची रोजची बैठक होते.

महिन्याचा खर्चही आधी बोलून घ्यावा. बहुतेक पॅक २८ दिवसांचे असतात, म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. घरात वायफाय असेल आणि ती फारशी बाहेर पडत नसेल तर फक्त बोलणे आणि एसएमएसचे पॅक २०२५ पासून मिळतात, ते पुरते.

आणि एवढे सगळे समजावून घेतल्यावरही अम्मी "नको" म्हणाली तर? तर तिचा नकार मानावा. बटणांच्या फोनवरूनही *९९# लावून खात्यातली शिल्लक पाहता येते, आणि २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने सुरू केलेल्या यूपीआय १२३पे या सोयीतून साध्या फोनवरून पैसेही देता येतात. नंबर तिचा, खाते तिचे, पिन तिला ठाऊक, एवढे झाले की निम्मे काम झाले. फोन कोणता घ्यायचा ते मग ती सवडीने ठरवील.

तेव्हा येत्या जुम्याला जेवणानंतर घरातल्या सर्वांत मोठ्या बाईजवळ बसा आणि विचारा: तुमच्या बँकेत आणि आधारमध्ये कोणाचा नंबर आहे? उत्तर काय आले ते आम्हांला जरूर कळवा. इन्शाअल्लाह, पुढील एखाद्या अंकात आपण त्यावर बोलू.