देव कोपला नाही, नस सुजली आहे



घरातील देव्हारा आपण काढला. परंतु देवाच्या कोपाची भीती मनातून गेली काय? महारोगाच्या गोळ्या चालू असलेल्या माणसाच्या अंगावर एकाएकी तांबड्या, दुखऱ्या गाठी उठतात, ताप भरतो, आणि आळीतील कोणी म्हणते, "देव सोडलेत, त्याचे हे फळ!" मग गोळ्या बंद होतात व पावले भगताकडे वळतात. ज्या पूर्वजन्मीच्या पापाच्या सिद्धांतावर आपली अस्पृश्यता उभारली गेली, तोच सिद्धांत असा मागील दाराने घरात शिरतो.

वस्तुस्थिती काय आहे? महारोग जंतूने होतो. नॉर्वेच्या हॅन्सनने तो १८७३ साली शोधला. औषधाने जंतू मेले तरी त्यांचे अवशेष अंगात राहतात, आणि शरीराची प्रतिकारशक्तीच त्यांच्यावर तुटून पडते. डॉक्टर याला 'रिअॅक्शन' म्हणतात. कधी जुने चट्टे लाल होऊन फुगतात व नसा सुजतात. कधी गाठी, ताप, डोळ्यांचा वा सांध्यांचा दाह होतो. उपचार संपल्यावरही ती येऊ शकते. सुजलेली नस निकामी झाली की बोटे वाकतात, पाऊल लोंबते, पापणी मिटत नाही. म्हणून गोळ्या मुळीच थांबवू नयेत; त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. प्रेडनिसोलोन वेळेवर मिळाले तर गेलेली शक्ती पुष्कळदा परत येते. सहा महिने दवडल्यावर ती आशा फार थोडी. गाठींवर थॅलिडोमाइडही देतात, पण गर्भवतीस ते कदापि देऊ नये. गर्भ विकृत होतो.

आता कायद्याचे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. महारोग हे त्यातील घटस्फोटाचे कारण २०१९ साली काढून टाकण्यात आले. तेव्हा गाठी दाखवून सुनेला माहेरी धाडणाऱ्यास न्यायालयात आधार नाही. भिकारी महारोग्यास (धनिकास नव्हे!) कोंडणारा १८९८ चा कायदाही २०१६ साली रद्द झाला.

बाबासाहेबांनी आपल्या धम्मग्रंथात सुप्पबुद्ध या कुष्ठरोग्याच्या धम्मस्वीकाराची कथा घेतली आहे. अन्नाच्या आशेने तो सभेपाशी आला होता, आणि भगवंतांनी नेमके त्यालाच उद्देशून उपदेश केला. औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत संसर्गाची भीतीही उरत नाही. मग आपल्या विहारात त्या माणसाची सतरंजी अजून वेगळी का?