घर खासगी, मग भेदभावही खासगी?

रत्नागिरीत शिकायला किंवा नोकरीला आलेल्या आपल्या मुलांना खोली शोधताना एक प्रश्न हमखास येतो. गाव कुठलं, वाडी कुठली? कोकणात वाडी सांगितली की जात वेगळी सांगावी लागत नाही. मग खोली ‘कालच गेलेली’ असते. घर त्याचं खासगी, कायदा काय करणार, असं आपलेच कार्यकर्ते म्हणून मोकळे होतात.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांना हेच उत्तर थेट सर्वोच्च न्यायालयाने दिले होते. गुलामगिरी संपल्यावर १८६८ मध्ये १४ वी घटनादुरुस्ती झाली, समान संरक्षणाची हमी मिळाली. १ मार्च १८७५ च्या कायद्याने हॉटेल, नाट्यगृह, रेल्वे इथला वर्णभेद गुन्हा ठरवला. १८८३ मध्ये न्यायालयाने ही तरतूद रद्द केली. घटनादुरुस्ती राज्य सरकारांना बांधते, हॉटेलमालकाला नाही, हे त्याचे कारण. न्यायमूर्ती हार्लन एकटेच विरोधात होते. असा देशव्यापी कायदा पुन्हा यायला १९६४ उजाडले.

बाबासाहेबांना हा इतिहास कोलंबियापासून ठाऊक होता. गोलमेज परिषदेत अस्पृश्यांच्या संरक्षणाची योजना मांडताना त्यांनी १८६६ आणि १८७५ च्या याच अमेरिकन कायद्यांचा आधार दिला. आणि ‘खासगी’चा दावा त्यांनी घराजवळही ऐकला होता. त्यांचे मूळ गाव आंबडवे आपल्या मंडणगड तालुक्यात; सावित्रीपलीकडे महाड. चवदार तळे खासगी मालकीचे आहे म्हणून स्पृश्यांनी १९२७ मध्ये दावा लावला. तो उच्च न्यायालयात निकाली निघायला १९३७ साल लागले.

म्हणून आपल्या संविधानाचे कलम १५(२) आणि कलम १७ फक्त सरकारला उद्देशून नाहीत. दुकानदार, हॉटेलवाला, शेजारी, सगळ्यांना ते लागू आहेत. माझ्या मते १८८३ ची पळवाट इथे जाणूनबुजून बुजवली आहे. संविधान सभेत ‘दुकान’ म्हणजे काय असे विचारले गेले, तेव्हा येणाऱ्या कोणालाही सेवा द्यायला मालक तयार असतो ती जागा, इतका व्यापक अर्थ बाबासाहेबांनी सांगितला. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच आधारे खासगी शिक्षणसंस्थाही त्यात धरल्या.

पण राहते घर त्या यादीत नाही. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेचा ‘सभासद फक्त पारशी’ हा नियम सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. इथे मात्र अमेरिका आपल्या पुढे गेली. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरात, ११ एप्रिल १९६८ ला, घर विकताना वा भाड्याने देताना वर्णभेद करण्यावर बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही झाली. तिथले कार्यकर्ते एकाच घरासाठी आधी कृष्णवर्णीय, मग गोरा ग्राहक पाठवतात आणि दोघांना मिळालेली उत्तरे नोंदवतात. अशा तपासणीसाठी गेलेल्या कृष्णवर्णीय व्यक्तीला खोटे सांगितले, तर तिला स्वतः दावा करता येतो, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये मान्य केले. (तिथे सगळे आलबेल आहे असे नव्हे. जातिभेदाविरुद्धचे कॅलिफोर्नियाचे विधेयक २०२३ मध्ये गव्हर्नरनेच नाकारले.)

आपल्याकडे असा स्वतंत्र दिवाणी कायदा नाही, ही मागणी आमदार-खासदारांपुढे ठेवायलाच हवी. तोवर हातात काहीच नाही, हे मात्र खरे नाही. नागरी हक्क संरक्षण अधिनियम १९५५ च्या कलम ४ मध्ये कोणत्याही वस्तीत राहती जागा घेण्यास वा तिथे राहण्यास अस्पृश्यतेच्या कारणावरून केलेली आडकाठी गुन्हा आहे. शिक्षा एक ते सहा महिने. दंड अजून १०० ते ५०० रुपयांचाच, हसू येईल असा. पण कलम १२ वाचा. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झाले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे.

नकार दिला एवढे मात्र आपल्यालाच दाखवावे लागते. तेव्हा ‘खोली गेली’ असे उत्तर आले की त्याच संध्याकाळी दुसऱ्या आडनावाच्या मित्राला त्याच दारात पाठवा, आणि दोन्ही वेळची तारीख, वेळ, मालकाचे शब्द तिथल्या तिथे लिहून ठेवा.