घरावर मोठा डिस्काउंट घेताय? आधी रेडी रेकनर बघा, नाहीतर टॅक्स लागेल

गुढीपाडवा जवळ आला की मुंबई-पुण्यातल्या होर्डिंगवर घरांच्या ऑफर झळकू लागतात. कुणी पार्किंग फुकट देतो, कुणी थेट काही लाखांची सूट. या सुटीवर इन्कम टॅक्स लागतो का? बहुतेक वेळा नाही. बिल्डरने किंमत कमी केली तर ते तुमचं उत्पन्न होत नाही, घर स्वस्त पडलं इतकंच.

गडबड होते ती रेडी रेकनरमुळे. राज्य सरकार प्रत्येक भागासाठी जमीन आणि घरांचे जे दर ठरवतं, ते म्हणजे रेडी रेकनर. करारातली किंमत या दराने येणाऱ्या मूल्यापेक्षा फारच खाली गेली, तर मधला फरक खरेदीदाराचं 'इतर उत्पन्न' धरला जातो. फारच म्हणजे किती? करारातल्या किमतीच्या १० टक्के किंवा ५० हजार रुपये, यातलं जे जास्त असेल त्याहून जास्त फरक.

समजा, रेकनरप्रमाणे फ्लॅट १ कोटीचा आहे. सौदा ९१ लाखांना ठरला, तर फरक ९ लाख आणि मर्यादा ९ लाख १० हजार. टॅक्स शून्य. आता घासाघीस करून आणखी ३ लाख कमी करून घेतले. किंमत ८८ लाख, फरक १२ लाख, मर्यादा ८ लाख ८० हजार. मर्यादा ओलांडली की फक्त वरच्या रकमेवर नाही, पूर्ण १२ लाखांवर कर. ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सेससह ३ लाख ७४ हजार. म्हणजे ३ लाख वाचवायला गेले आणि त्याहून जास्त घालवून बसले! शिवाय स्टॅम्प ड्युटी भरायची ती १ कोटीवरच.

अर्थात, कर लागलेले हे १२ लाख पुढे घर विकताना खरेदी किमतीत धरता येतात. रेकनरचा दर बाजारापेक्षा जास्त वाटत असेल, तर आयकर अधिकाऱ्याकडे हरकत घेऊन व्हॅल्युएशन ऑफिसरकडून मूल्यांकन मागता येतं.

तारखेचीही मेख आहे. रेकनरचे नवे दर साधारणपणे १ एप्रिलपासून लागू होतात. किंमत ठरवणारा लेखी करार मार्चमध्ये झाला आणि नोंदणी नंतर झाली, तर इन्कम टॅक्ससाठी जुना दर धरता येतो. पण करारापर्यंत काही रक्कम चेकने किंवा ऑनलाइन दिलेली हवी. रोख चालत नाही.

आपल्या भागाचा रेकनर दर नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर फुकट बघता येतो. टोकन देण्याआधी.