दप्तरांतहि एकच पीक नको

संघाच्या कार्यालयांतील सहा संगणक मोडीत काढून त्यांच्या जागीं नवीन घ्यावे, अशी सूचना येत्या सर्वसाधारण सभेपुढें यावयाची आहे. यंत्रें चालू आहेत. एकहि बिघडलेलें नाहीं. परंतु त्यांवरील विंडोज १० ह्या प्रणालीची नेहमींची विनामूल्य दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं बंद झाली, आणि पुढील प्रणाली हीं जुनीं यंत्रें पेलूं शकत नाहींत, असें कारण पुढें करण्यांत आलें आहे. कारण खरें आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र आम्हांस मान्य नाहीं. जूं बदलावयाचें झालें म्हणून धडधाकट बैल बाजारास नेणारा शेतकरी आमच्या पाहण्यांत नाहीं.

हा प्रश्न सहा यंत्रांपुरता असता तर आम्हीं लेखणी उचलली नसती. ऑस्ट्रेलियांतील बिल मॉलिसन व डेव्हिड होल्मग्रेन ह्यांनीं १९७८ सालीं ‘पर्माकल्चर’ म्हणजे चिरस्थायी शेतीचा विचार ग्रंथरूपानें मांडला. आधीं निरीक्षण करावें, एकाच पिकावर विसंबूं नये, कांहींहि वायां जाऊं देऊं नये, लहान व सावकाश उपायांनीं काम साधावें, आणि जमीन, माणसें व न्याय्य वांटणी ह्या तिहींकडे लक्ष असावें, हें त्याचें सार होय. आपल्याकडे कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर ह्यांनीं ‘प्रयोग परिवारा’च्या द्वारें दहा गुंठ्यांच्या शेतीचा धडा घालून दिला. शेतकऱ्यानें स्वतः प्रयोग करावे आणि त्यांतून मिळालेलें ज्ञान शेजाऱ्यास मोकळेपणानें द्यावें, ही त्यांची शिकवण ह्याच जातीची. शेतांत जें शहाणपण आपण मानतों, तें संघाच्या दप्तरांत पाऊल टाकतांच कां विसरावें?

पहिला नियम एकपिकाचा. आयर्लंडांत १८४५ पासून बटाट्यावर करपा पडला आणि बहुतेक गरीब एकाच जातीच्या बटाट्यावर जगत असल्यामुळें सुमारें दहा लाख माणसें मेलीं. संगणकांच्या जगांतहि असें होतें. १९ जुलै २०२४ रोजीं क्राउडस्ट्राइक ह्या अमेरिकन कंपनीच्या संरक्षक आज्ञावलींतील एका सदोष बदलानें जगांतील सुमारें ८५ लाख विंडोज संगणक एकदम बंद पडले. विमानें अडकलीं, रुग्णालयांचीं कामें खोळंबलीं, आणि आपल्या देशांतील विमानतळांवर प्रवाशांस हातानें लिहिलेले पास द्यावे लागले. आपल्या भागाचें उदाहरण हवें असेल तर १२ ऑक्टोबर २०२० चा दिवस आठवावा. कळवा–पडघा वाहिन्यांवर बिघाड झाला आणि मुंबई, ठाणें व नवी मुंबई येथील वीज जाऊन लोकलगाड्या जागच्या जागीं थांबल्या. त्या दिवशीं ज्याचा हिशेब वहींत होता त्याचें काम चाललें. ज्याचा केवळ यंत्रांत होता तो हात जोडून बसला. म्हणून संघाच्या खतबियाण्यांच्या हिशेबाची एक प्रत यंत्रांत, एक दुसऱ्या जागीं वेगळ्या साधनावर, आणि महिन्याअखेरची एक कागदावर असावी. तीन जागीं पेरलेलें सहसा एकदम बुडत नाहीं. आणि ह्यांतील एक जागा तरी उंचावर असूं द्यावी; २६ जुलै २००५ च्या महापुरांत कल्याण परिसरांत उल्हास नदीनें काय केलें, तें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

दुसरा नियम घरच्या बियाण्याचा. वाड्याच्या कोलमास २०२१ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. परंतु घरचें बीं राखणारे शेतकरी नसते तर त्या मानांकनास वाणच उरलें नसतें. संकरित बियाणें पीक भरघोस देतें, पण दरसाल दुकानाच्या पायऱ्या चढावयास लावतें. माहितीचेंहि तसेंच आहे. आम्ही महसुली खात्यांत कारकून असतां एका कार्यालयांत जुन्या मराठी याद्या एका खाजगी अक्षरसंचांत टंकित केलेल्या होत्या. तो अक्षरसंच पुढें मिळेनासा झाला, आणि यंत्रावर त्या याद्यांच्या जागीं निरर्थक चिन्हें दिसूं लागलीं. चार माणसें दोन महिने बसून त्या याद्या पुन्हां लिहीत होतीं. ह्याच्या उलट, पुण्याच्या पेशवे दप्तरांतील दोनशें वर्षांपूर्वींचे मोडी कागद आजहि जाणता मनुष्य वाचूं शकतो, कारण मोडी लिपी कोणाच्या मालकीची नव्हती. आज देवनागरीसाठीं युनिकोड हें सर्वांचें सामाईक मानक उपलब्ध आहे. संघाचें सर्व लिखाण त्यांतच व्हावें, आणि हिशेब अशा खुल्या स्वरूपांत ठेवावे कीं उद्यां विक्रेता बदलला तरी आपलें बीं आपल्या कणगींत राहील.

तिसरा नियम, कांहींहि वायां न जाऊं देण्याचा. शेणाचें खत होतें, तुसाची राख होते; शेतकऱ्याच्या घरीं केरास जागा नसते. जगांत २०२२ ह्या एका वर्षांत सुमारें ६.२ कोटी टन विद्युत्-यंत्रांचा कचरा झाला आणि त्यांतील एक चतुर्थांशाहून कमी भाग रीतसर गोळा झाला. उरलेल्यांतील शिसें व पारा शेवटीं कोणाच्या तरी मातींत व विहिरींत उतरतात. शिवाय लहान संगणक किंवा मोबाईल चालविण्यास जी ऊर्जा लागते, तीपेक्षां बहुधा तो घडविण्यांतच अधिक खर्ची पडते. म्हणून जुनें यंत्र चार वर्षें अधिक चालविणें ही खरी काटकसर होय. त्याचा उपायहि हाताशीं आहे. फिनलंडांतील लिनस टॉरव्हाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं सुरू केलेली आणि पुढें जगभरच्या लोकांनीं मिळून वाढविलेली लिनक्स ही मुक्त प्रणाली जुन्या यंत्रांवर चालते, तिची दुरुस्ती चालू आहे, आणि तिला परवान्याचें मोल नाहीं. केरळांतील सरकारी शाळा अनेक वर्षें मुक्त प्रणालींवर चालत आहेत. जें तेथील शाळकरी मुलांस साधतें, तें आपल्या चिटणिसांस साधणार नाहीं काय?

चौथा नियम पाण्याचा, आणि तो सर्वांत जिव्हाळ्याचा. माहिती ‘ढगांत’ साठवितात असें म्हणण्याची हल्लीं रीत पडली आहे. हा ढग पाऊस देणारा नव्हे. तो पाणी व वीज पिणारा आहे. आपण मोबाईलवर जें जें पाठवितों, तें डेटा सेंटर नांवाच्या कोठारांत जाऊन पडतें. ऐरोली–महापे पट्ट्यांत अशीं कोठारें उभीं आहेत, आणि डोंबिवलीजवळ पलावा येथें तीं उभारण्यासाठीं ३०,००० कोटी रुपयांचा सामंजस्य करार सप्टेंबर २०२५ मध्यें झाला. जगांतील अशा कोठारांनीं २०२४ सालीं सुमारें ४१,५०० कोटी युनिट, म्हणजे एकूण विजेच्या सुमारें दीड टक्का, वीज वापरली. यंत्रें थंड ठेवण्यास पुष्कळ ठिकाणीं पाणीहि लागतें. ज्या शहापूर तालुक्यांत तानसा व भातसा हीं धरणें आहेत, तेथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांनीं हा विचार आतांच करावयास हवा. कोठारें नकोत, असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु त्यांस पिण्याचें पाणी न देतां शहरांच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून तें द्यावें. नवी मुंबई महापालिकेनें ऐरोली व कोपरखैरणे येथें अशा प्रक्रियेचीं केंद्रें उभारलीं आहेत; तीच वाट कल्याण–डोंबिवलीनें धरावी. एकाचा टाकाऊ माल हें दुसऱ्याचें खत, हेंच येथेंहि लागू पडतें. संघानें तसा ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा, अशी आमची विनंति आहे.

आम्ही यंत्रांचे वैरी आहों, असा कोणीं समज करून घेऊं नये. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळूं लागला आणि मुरबाडच्या शेतकऱ्याचा एका दाखल्यासाठीं जाणारा दिवस वांचला. त्या दिवसाची किंमत, खिडकीच्या आंतल्या बाजूस बसलेल्या आम्हांस चांगली ठाऊक आहे. तथापि २०२१ पासून पिकाची नोंदहि शेतकऱ्यानें मोबाईलवरूनच करावयाची झाली, आणि डोंगराआडच्या पाड्यावर रेंज नसली कीं तीच सोय अडचण होऊन बसते. म्हणून नवी वाट उघडतांना जुनी पायवाट बुजवूं नये, एवढेंच आमचें मागणें आहे.

आमच्या म्हणण्यावर एक आक्षेप योग्य आहे: नवी प्रणाली शिकण्यास वेळ लागेल, आणि कांहीं सरकारी किंवा बँकेचीं कामें तिच्यावर न चालण्याचा संभव आहे. तेव्हां एकच नवा संगणक त्या कामांपुरता घ्यावा, उरलेल्या पांचांवर मुक्त प्रणाली घालावी, आणि एक खरीप हंगाम अनुभव पाहावा. दुरुस्ती बंद झालेल्या प्रणालीवर पैशांचे व्यवहार चालू ठेवणें धोक्याचें आहे, हें आम्हीहि मानतों. म्हणूनच बदल करावा, पण बैल न विकतां करावा. वांचलेल्या रकमेंतून गांवांतील दोन मुलांस यंत्रदुरुस्ती शिकवावी. बांधावरचें झाड तोडून सावली विकत आणण्याची पाळी संघावर येऊं नये, एवढ्याचसाठीं हा लेखनप्रपंच. सभासदांनीं सभेस अवश्य यावें आणि मत देण्यापूर्वीं यंत्रें एकवार स्वतः चालवून पाहावीं.